उरुळीकांचनचे मणिभाई : गोठ्यापासून सुरू झालेली गोवंशसुधारणा

मराठवाड्यातील उन्हाळा गाईच्या अंगावर आधी दिसतो. चैत्र संपता संपता कडब्याची गंजी खाली बसते, हिरवा चारा दिसेनासा होतो आणि पाण्यासाठी जनावरांना लांब न्यावे लागते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर, गंगापूर, पैठणकडच्या पशुपालकांना या दिवसांतला एक अनुभव नेहमीचा आहे. गाय वेळेवर माजावर येत नाही. आलीच आणि भरवली, तरी एकवीस दिवसांनी उलटते. रेतनाची मात्रा चांगली होती, वळू नामांकित होता, तंत्रज्ञही हुशार होता. तरीही गाय गाभण राहत नाही आणि पाहता पाहता एक वेत हातचे जाते. दुधाच्या पैशांवर घर चालविणाऱ्या कुटुंबासाठी हा वर्षभराचा फटका असतो.

या अपयशाची अनेक कारणे असतात. त्यांतील एक गाईच्या अंडाशयात, डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजांडात दडलेले असते. आज प्रयोगशाळेत गाईचे भ्रूण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढचा मोठा प्रश्नही हाच आहे. वळूचे वीर्य कितीही उत्तम असले, तरी बीजांड कसदार नसेल तर भ्रूण धरत नाही. बीजांडाचा कस वाढवायचा तो कसा, याचा शोध घेताना विज्ञान पुन्हा गाईच्या दावणीपाशी येऊन पोहोचले आहे. महाराष्ट्रात या दावणीपासूनच गोवंशसुधारणेची सुरुवात करणाऱ्या माणसाचे नाव होते मणिभाई देसाई.

सुरतचा तरुण, पुण्याजवळचे गाव

मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी शेतकरी कुटुंबात झाला. विज्ञान शाखेची पदवी घेतलेल्या या हुशार तरुणापुढे चांगल्या नोकरीचा मार्ग मोकळा होता. पण १९४२ च्या चले जाव चळवळीने त्यांच्या पिढीतील अनेकांप्रमाणे त्यांचीही वाट बदलली. चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर ते महात्मा गांधींच्या सेवाग्राम आश्रमात दाखल झाले. तेथे स्वच्छतेपासून हिशेबापर्यंत पडेल ते काम करावे लागे. पदवीचा तोरा तेथे चालत नसे आणि मणिभाईंनी तो कधी मिरवलाही नाही.

गांधीजींच्या मनात त्या वेळी निसर्गोपचाराचा प्रयोग घोळत होता. असे केंद्र शहरात काढले तर त्याचा लाभ गरिबांना होणार नाही, ते खेड्यातच हवे, असे त्यांचे मत झाले. त्यातून पुणे-सोलापूर मार्गावरील उरुळीकांचनची निवड झाली. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तेथे आठवडाभर राहिले आणि त्यांनी रुग्णांवर स्वतः उपचार केले. गावातील महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. गांधीजी पुढच्या कामासाठी निघून गेले. मागे राहिलेल्या कार्यकर्त्यांत पंचविशीतले मणिभाई होते. हे गाव सोडणार नाही आणि आयुष्याची अखेरही येथेच करीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रतही घेतले.

पुढच्या दोन वर्षांच्या आतच गांधीजींची हत्या झाली. दिलेला शब्द मागे घेण्याची मुभा मणिभाईंना कोणीही दिली असती. त्यांनी ती घेतली नाही. विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या साथीने त्यांनी आश्रमाचे काम पुढे नेले. आश्रमाबरोबर गावात शाळा आली, शेतीत सुधारणा होऊ लागल्या. गुजराती भाषक तरुण हळूहळू उरुळीकांचनचाच होऊन गेला.

गोठ्यातील विद्यापीठ

निसर्गोपचार आश्रमात रुग्णांना शुद्ध दूध लागे. त्या गरजेतून गोशाळा आली आणि गोशाळेने मणिभाईंचे उर्वरित आयुष्य व्यापून टाकले. पशुवैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी पुस्तके वाचली, तज्ज्ञांकडे जाऊन शंका विचारल्या आणि सर्वाधिक शिकले ते गाईंकडून. मूळच्या सौराष्ट्रातील गीर गाई त्यांनी आश्रमात पाळल्या. प्रत्येक गाईच्या दुधाची, वेतांची, वासरांची नोंद ठेवायची, चांगल्या गाईची कालवड जपायची, आहारात चूक होऊ द्यायची नाही, अशी शिस्त त्यांनी लावली. हा कळप पुढे आश्रमाची ओळख बनला.

या गोठ्यात त्यांना जो धडा मिळाला तो साधा होता. गाईत गुण असतात, पण ते आपोआप प्रकट होत नाहीत. उत्तम वंशाची कालवड उपाशी वाढली तर ती उशिरा माजावर येते, कमी दूध देते आणि लवकर भाकड होते. वंश आणि निगा यांची फारकत करता येत नाही. वंशसुधारणा म्हणजे केवळ चांगला वळू आणणे, असा समज तेव्हा सार्वत्रिक होता. मणिभाईंच्या कामाने या समजाला छेद दिला.

गोसेवेचा विचार त्यांना गांधीजींकडूनच मिळाला होता. जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये वर्ध्याला गोसेवा संघाचे काम हाती घेतले, त्यामागेही हीच प्रेरणा होती. गाय पाळणे शेतकऱ्याला परवडले तरच ती वाचेल, केवळ पूजा करून वाचणार नाही, हे त्या विचाराचे सार होते. मणिभाईंनी ते शब्दशः अमलात आणले. मात्र त्यासाठी निवडलेला मार्ग त्यांना एका मोठ्या वादाच्या मध्यभागी घेऊन गेला.

संकराचा धाडसी निर्णय

खेड्यापाड्यांतील गावठी गाय दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देई. केवळ निवडीच्या मार्गाने तिचे दूध वाढवायचे तर अनेक पिढ्या लागणार होत्या. कर्ज आणि दुष्काळ यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याला तेवढी वाट पाहणे शक्य नव्हते. जर्सी किंवा होल्स्टिन फ्रिजियन वळूचा संकर गावठी गाईशी केला, तर पहिल्याच पिढीतील कालवड तिच्या आईच्या कितीतरी पट दूध देऊ शकते, हे मणिभाईंनी हेरले. भूमिहीन मजुराच्या दारात अशी एक गाय उभी राहिली तरी त्याचे घर सावरेल, असा त्यांचा हिशेब होता.

गांधीजींच्या आश्रमातील माणसाने परदेशी वळूंचा पुरस्कार करावा, हे देशी गोवंशाच्या अनेक अभिमान्यांना पटले नाही. वशिंड नसलेल्या संकरित बैलाचे करायचे काय, असा व्यवहारी प्रश्नही शेतकरी विचारीत. मणिभाईंनी वादात शक्ती खर्च केली नाही. गावठी गाईंचा संकर करावा, पण ज्या जातिवंत देशी गाई आहेत त्यांचे जतन व्हावे, अशी विभागणी त्यांच्या मनात होती. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. बायफ या नावाने ती पुढे देशभर ओळखली जाऊ लागली. दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, केंद्र सरकारने मणिभाईंना पद्मश्रीने गौरविले.

कृत्रिम रेतन भारताला नवे नव्हते. म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत १९३९ मध्येच त्याचा प्रयोग झाला होता. ताजे वीर्य मात्र थोडाच काळ टिके आणि त्यामुळे ते दूरच्या खेड्यात पोहोचत नसे. ग्लिसरिनच्या साह्याने वीर्य गोठवून जिवंत ठेवता येते, हा शोध इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये लागला आणि चित्र पालटले. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात ठेवलेली रेतमात्रा वर्षानुवर्षे टिकू लागली. या तंत्राचे मोल मणिभाईंनी लवकर ओळखले. उरुळीकांचनला जातिवंत वळू आले, गोठित वीर्याची प्रयोगशाळा उभी राहिली आणि नत्राचे भांडे दुचाकीला बांधून तरुण कार्यकर्ते वाड्यावस्त्यांवर जाऊ लागले.

दारापर्यंत सेवा, पण तेवढीच नव्हे

माजावर आलेली गाय चार-पाच कोस चालवत दवाखान्यात न्यायची, हा तोवरचा रिवाज होता. गाय दमायची, वेळ टळायची आणि रेतन फुकट जायचे. मणिभाईंनी ही रीत उलटी केली. दहा-पंधरा गावांसाठी एक केंद्र नेमायचे आणि निरोप मिळताच कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या गोठ्यात जायचे. पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी या योजनेला हात दिला आणि पुढे इतर राज्यांतही तिचा विस्तार झाला.

या व्यवस्थेचा खरा विशेष रेतनाच्या पुढे होता. गाय गाभण राहिली की नाही, हे तपासण्यासाठी कार्यकर्ता पुन्हा येई. वासरू जन्मले की त्याची नोंद होई. कालवडीला काय खाऊ घालायचे, जंतनिर्मूलन केव्हा करायचे, हे सांगितले जाई. लाळ्या-खुरकुताने संकरित जनावरे हकनाक मरू नयेत म्हणून संस्थेने पुण्याजवळ वाघोली येथे लसनिर्मितीचे काम उभे केले. कोरडवाहू भागात वैरण मिळावी म्हणून सुबाभळीसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या झाडांचा प्रसार केला. दक्षिण गुजरातमधील वांसदा परिसरात आदिवासी कुटुंबांसाठी आंब्याच्या वाड्यांचा कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. रेतन, चारा, लस, झाडे ही कामे वरवर वेगळी दिसतात. मणिभाईंच्या दृष्टीने ती एकाच साखळीच्या कड्या होत्या. एक कडी तुटली की गाय तोट्यात जाते आणि गाय तोट्यात गेली की शेतकरी ती विकतो.

मणिभाईंना १९८२ मध्ये लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतर १९८३ मध्ये जमनालाल बजाज पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला. कीर्ती वाढली तरी राहणी बदलली नाही. मुक्काम उरुळीकांचनलाच राहिला.

बीजांडाच्या कसाचा प्रश्न

मणिभाईंच्या हयातीत वंशसुधारणेचा भर वळूवर होता, आणि त्याला कारण होते. एका वळूपासून हजारो रेतमात्रा मिळतात, तर उत्तम गाय आयुष्यभरात जेमतेम आठ-दहा वासरे देते. गाईच्या बाजूचा हा बांध फोडण्याचे प्रयत्न जगभर चालू होते. अमेरिकेत जून १९८१ मध्ये शरीराबाहेर फलित झालेल्या बीजांडापासून पहिले वासरू जन्मले. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० मध्ये या तंत्राने म्हशीचे रेडकू जन्माला आले आणि त्याचे नाव प्रथम असे ठेवण्यात आले. मणिभाई त्या वेळी सत्तरीत होते.

या तंत्राची रीत अशी. सोनोग्राफीच्या साह्याने सुई थेट अंडाशयापर्यंत नेऊन गाईची बीजांडे शोषून घेतात. सुमारे साडेअडतीस अंश तापमानात, पोषक द्रवात ती साधारण २४ तास परिपक्व केली जातात. नंतर वीर्याशी संयोग घडवून फलित बीजांडे आठवडाभर वाढवितात. सातव्या दिवसाच्या सुमारास तयार झालेले भ्रूण दुसऱ्या, सामान्य गाईच्या गर्भाशयात सोडतात. उत्तम गाईचे वासरू अशा रीतीने साध्या गाईच्या पोटी वाढते. वर्षाला एका वासरावर अडलेली गाय अनेक वासरांची माता होऊ शकते.

अडचण येते ती येथेच. परिपक्वतेसाठी ठेवलेल्या शंभर बीजांडांपैकी साधारणपणे तीस-चाळीसच भ्रूणाच्या अवस्थेपर्यंत पोहोचतात, आणि त्यांतीलही सर्व गर्भाशयात टिकत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कसदार बीजांडाभोवती पेशींचे दाट, अखंड आवरण दिसते आणि आतील द्रव्य एकसारखे असते. निकस बीजांडाचे आवरण विरळ किंवा तुटलेले असते. पोषक द्रवाची घडण सुधारून, ऑक्सिजनचे प्रमाण कमी राखून, बीजांडे घेण्यापूर्वी गाईला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन शास्त्रज्ञ यशाचे प्रमाण वाढवू पाहतात. त्यात काही यशही आले आहे. परंतु गाईच्या शरीरात ज्या बीजांडाची घडण बिघडली, त्याचा कस प्रयोगशाळेत भरून काढता येत नाही, हे वारंवार दिसून आले आहे.

बीजांडाची घडण काही एका दिवसात होत नाही. कालवड जन्मते तीच आपल्या वाट्याची सारी बीजांडे घेऊन. त्यांतील एखादे वाढीला लागल्यापासून अंडाशयाबाहेर पडेपर्यंत साधारण तीन महिने जातात. म्हणजे आज घेतलेल्या बीजांडात तीन महिन्यांपूर्वीच्या वैरणीचा आणि हवामानाचा हिशेब असतो. व्याल्यानंतर दूध भराभर वाढते, पण खाणे तेवढे वाढत नाही. गाय अंगावरची चरबी झिजवून दूध देते आणि त्या काळात वाढलेली बीजांडे कमजोर निघतात. उष्णतेचा परिणामही असाच रेंगाळतो. उन्हाळा सरून पाऊस पडला, गारवा आला, तरी पुढचे दोन-तीन माज कमकुवत बीजांडांचेच जाऊ शकतात. मराठवाड्यातील पशुपालकाला पावसाळ्यातही गाय का उलटते याचे कोडे पडते. त्याच्या उत्तराचा एक भाग मागच्या वैशाखात असतो.

यावर उपाय महागडे नाहीत. गोठ्यावर सावली आणि वारा, चोवीस तास पाणी, दुपारऐवजी पहाटे व रात्री वैरण, पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्याचा मुरघास, पेंडीबरोबर खनिज मिश्रण आणि व्याल्यानंतर गाय फार खंगणार नाही याची दक्षता, ही ती कामे. मणिभाईंचे कार्यकर्ते गोठ्यात जाऊन जी निगा शिकवीत होते, तिचीच ही पुढची पायरी. त्यांनी ती बीजांडाचा अभ्यास करून सांगितली नव्हती. गाय कशाने धरते आणि कशाने उलटते, हे वर्षानुवर्षे नोंदवून ते त्या निष्कर्षाला आले होते.

यशाची किंमत आणि पुढची वाट

मणिभाईंच्या मार्गाचे मूल्यमापन करताना दुसरी बाजूही पाहावी लागते. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गाई-बैल होते. त्यांत विदेशी व संकरित जनावरे पाच कोटींच्या घरात पोहोचली होती. आधीच्या गणनेच्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, तर देशी जनावरे सुमारे सहा टक्क्यांनी घटली. संकरित गाईने असंख्य घरांत दुधाचा पैसा आणला, हे निर्विवाद आहे. पण ती उन्हाला आणि रोगांना लवकर बळी पडते, तिला चारा-पाणी अधिक लागते. गावठी गाईंचाच संकर करावा ही मर्यादा सर्वत्र पाळली गेली नाही आणि जातिवंत देशी गाईंच्या कळपांतही संकर शिरला. मणिभाईंनी आखलेली विभागणी प्रत्यक्षात पुसट झाली.

ज्या गीर गाईपासून मणिभाईंनी सुरुवात केली, तिची कथा या संदर्भात बोलकी आहे. भारतातून ब्राझीलला गेलेल्या गीर गाईंचे तेथे निवड आणि नोंदींच्या बळावर दुधाळ वंशात रूपांतर झाले. वशिंड असलेल्या गाई विदेशी गाईंपेक्षा एका वेळी अधिक बीजांडे देतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील भ्रूणनिर्मिती ब्राझीलमध्ये झपाट्याने फोफावली. भारतात २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ अभियान सुरू झाले आणि देशी वंशांसाठी या तंत्राला बळ मिळाले. मणिभाईंनी गोठित वीर्याचे काम जेथे उभारले, त्या उरुळीकांचनच्या केंद्रातही आता प्रयोगशाळेत भ्रूणे तयार होतात.

मराठवाड्याच्या दृष्टीने या कामाला वेगळे महत्त्व आहे. लातूरकडची देवणी आणि नांदेडच्या कंधार परिसरातील लाल कंधारी हे या मातीतले वंश. उन्हाला, कोरड्या चाऱ्याला ते सरावलेले आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या हर्सूल येथे गोठित वीर्याची शासकीय प्रयोगशाळा आहे आणि त्यामुळे वळूच्या बाजूची सोय या विभागात फार पूर्वीपासून झालेली आहे. निवडक देवणी किंवा लाल कंधारी गाईंची कसदार बीजांडे मिळविता आली, तर गाईच्या बाजूनेही वंश झपाट्याने वाढविता येईल. त्यासाठी प्रयोगशाळेइतकीच गरज आहे ती या गाई ज्यांच्या दावणीला आहेत त्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात चारा पुरेल अशा व्यवस्थेची. दुष्काळात गाय बाजारात गेली, की तिच्याबरोबर तिची बीजांडेही गेली.

मणिभाई देसाई यांचे १४ नोव्हेंबर १९९३ रोजी निधन झाले. पुण्यातील वारजे येथे संस्थेचे मुख्यालय असलेल्या वसाहतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. गांधीजींबरोबर आठवड्याभरासाठी आलेला तरुण सत्तेचाळीस वर्षे उरुळीकांचनचा राहिला आणि तेथून त्याने देशभरातील गोठ्यांपर्यंत वाट काढली. त्याने आणलेल्या तंत्राची जागा नवे तंत्र घेत आहे आणि उद्या त्याचीही जागा दुसरे घेईल. मात्र गाय पोटभर खाते की नाही, तिला सावली आहे की नाही, ती गाभण राहिली का हे पाहायला कोणी पुन्हा येते की नाही, हे मणिभाईंच्या कार्यकर्त्यांचे प्रश्न वैजापूरच्या गोठ्यात आजही पहिल्यांदा विचारावे लागतात.